विश्लेषण : ई-बाइकची बॅटरी ‘सुट्या भागांत’ आली तर? सांगली-मिरजेला एक, कासच्या घाटाला दोन!

शेतातल्या पंपाची मोटार जळाली, की सातारा-सांगलीतला शेतकरी ती उतरवतो आणि तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगला टाकतो. चार दिवसांत मोटार पुन्हा विहिरीवर येते. ई-बाइकची बॅटरी बसली तर मात्र बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : पूर्ण पॅक बदला. आत चाळीस-पन्नास सेल असतात, बिघडलेले एक-दोनच असतात. पण पैसे सगळ्यांचे मोजावे लागतात. वाहनाच्या किमतीत बॅटरीचा वाटा मोठा असल्याने हा खर्च अनेकांना ई-बाइकपासून दूर ठेवतो.

यावर उपाय म्हणून पुढे आलेली कल्पना म्हणजे मॉड्यूलर बॅटरी पॅक. एका मोठ्या बंद डब्याऐवजी छोटे, सुटे, गरजेनुसार जोडता-काढता येणारे डबे. ऐकायला सोपी असलेली ही कल्पना प्रत्यक्षात कुठे अडते आणि ग्राहकाला तिचा काय फायदा, हे समजून घेऊ.

पॅकच्या आत नेमके काय असते?

ई-सायकल किंवा ई-स्कूटरच्या पॅकमध्ये अनेकदा टॉर्चच्या जाडजूड सेलसारखे दिसणारे लिथियम-आयन सेल असतात. त्यातला सर्वाधिक परिचित आकार ‘१८६५०’ : १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. अशा एका सेलचे सरासरी व्होल्टेज सुमारे ३.६ असते. पूर्ण चार्ज झाल्यावर ते ४.२ पर्यंत जाते.

३६ व्होल्टचा पॅक करायचा तर असे १० सेल एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडावे लागतात. क्षमता वाढवायची तर प्रत्येक जागी एकाऐवजी तीन-चार सेल शेजारी शेजारी, म्हणजे पॅरललमध्ये लावतात. १० सिरीज आणि ४ पॅरलल अशा रचनेत ४० सेल झाले. प्रत्येक सेल २.५ अँपिअर-तासांचा धरला, तर हा पॅक ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास, म्हणजेच ३६० वॉट-तासांचा होतो. फक्त सेलचे वजन दोन किलोच्या आत बसते.

हे सेल निकेलच्या पट्टीने स्पॉट वेल्डिंग करून कायमचे जोडलेले असतात. काही पॅकमध्ये वरून गोंद किंवा रेझिनही ओतलेले असते. सोबत बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे बीएमएस नावाचा सर्किट बोर्ड असतो. प्रत्येक गटाच्या व्होल्टेजवर लक्ष ठेवणे आणि धोका दिसताच वीज तोडणे हे त्याचे काम.

अडचण सिरीजमध्ये आहे. बैलगाड्यांच्या रांगेचा वेग सर्वांत हळू बैलजोडी ठरवते, तसे इथे सर्वांत कमकुवत गट ठरवतो. दहापैकी नऊ गट १० अँपिअर-तास देऊ शकत असले आणि एकच गट ६ वर आला असला, तर बीएमएस ६ वरच पॅक बंद करतो. उरलेल्या नऊ गटांतील वीज तशीच पडून राहते. ग्राहकाला एवढेच कळते, की ‘बॅटरी बसली’.

मॉड्यूलर आणि ‘रिकॉन्फिगरेबल’ यांत फरक काय?

मॉड्यूलर पॅकमध्ये प्रत्येक छोटा डबा स्वतःपुरता पूर्ण असतो. त्याचे सेल, त्याचा बीएमएस, त्याचा फ्यूज आणि त्याचा कनेक्टर. एक डबा लावला तरी वाहन चालते, दोन लावले तर अंतर वाढते. एक बिघडला तर तेवढाच काढता येतो.

रिकॉन्फिगरेबल म्हणजे याच्या पुढची पायरी. त्यात डब्यांची आपसांतली जोडणीही बदलता येते : कधी पॅरलल, कधी सिरीज, कधी कमकुवत डबा वगळून बाकीचे चालू. हे काम हाताने कनेक्टर बदलून करता येते किंवा इलेक्ट्रॉनिक स्विचकडे सोपवता येते. बाजारातल्या दुचाकींत सध्या पहिला प्रकार दिसतो. दुसरा अजून बराचसा संशोधनाच्या टेबलावर आहे.

सांगली-मिरजेला किती, कासला किती?

सुट्या डब्यांचा खरा फायदा सातारा आणि सांगली या शेजारी जिल्ह्यांच्या रस्त्यांवरच नीट दिसतो. उदाहरणासाठी पॅडल असलेली ई-सायकल घेऊ. सायकल, स्वार आणि सामान मिळून १०० किलो वजन धरू. सपाट रस्त्यावर पॅडल फारसे न मारता अशी सायकल किलोमीटरमागे साधारण १२ वॉट-तास वीज खाते.

सांगली ते मिरज हा रस्ता सपाट आणि सुमारे १० किलोमीटरचा. जाऊन-येऊन २० किलोमीटर, म्हणजे २४० वॉट-तास. वर पाहिलेला ३६० वॉट-तासांचा एक डबा पुरून उरतो. रोज कामावर जाणाऱ्याने दुसरा डबा वाहून नेण्यात अर्थ नाही.

आता सातारा ते कास पठार. अंतर सुमारे २५ किलोमीटर, त्यात यवतेश्वरचा घाट. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, तर कास सुमारे १,२०० मीटरवर आहे. म्हणजे ५०० मीटरची चढण. १०० किलो वजन ५०० मीटर वर नेण्यासाठी लागणारी ऊर्जा सुमारे १३६ वॉट-तास होते. मोटार आणि कंट्रोलरमधील घट धरली तर बॅटरीतून जवळपास १८० वॉट-तास जातात. त्यात अंतराचे ३०० वॉट-तास मिळवले, की फक्त जातानाचा हिशेब ४८० वर जातो. इथे एक डबा वाटेतच संपेल. दोन डबे, म्हणजे ७२० वॉट-तास असतील तर प्रवास आरामात होईल. परतताना बराच उतार असल्याने वीज कमी लागते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. डबे वाढवल्याने अंतर वाढते, मोटारीची ताकद वाढत नाही. २५० वॉटची मोटार घाटात दोन डब्यांवरही २५० वॉटचीच राहते आणि खड्या चढाला पॅडल मारावेच लागते. मात्र, दोन डबे पॅरललमध्ये असले तर प्रत्येकावरचा भार निम्मा होतो. सेल कमी तापतात. त्यांच्या आयुष्यासाठी ते चांगलेच.

हे सगळे नवीन आहे का?

पूर्णपणे नाही. विजेवर चालणाऱ्या छोट्या वाहनांचा प्रयोग सातारा जिल्ह्याने पूर्वीच पाहिला आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे ‘नारी’मध्ये डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेवर चालणारी सायकलरिक्षा तयार केली. त्यावरचा राजवंशी यांचा लेख २००२ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ई-रिक्षा हा शब्द देशात रुळण्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. राजवंशी यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

ती रिक्षा लेड-ॲसिड बॅटरीवर चालत असे. नंतर बाजारात आलेल्या सुरुवातीच्या अनेक ई-स्कूटरमध्येही १२ व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये लावून ४८ व्होल्ट केले जात. या बॅटऱ्या जड होत्या. किलोमागे ३० ते ४० वॉट-तास एवढीच वीज त्यांत मावते, तर चांगला लिथियम सेल किलोमागे २०० वॉट-तासांच्या पुढे जातो. पण त्यांचा एक मोठा गुण होता : १२ व्होल्टचा डबा कोणत्याही गावात मिळे आणि गल्लीतला इलेक्ट्रिशियन तो बदलू शके.

लिथियम आले आणि वजन घटले, अंतर वाढले. मात्र त्या बदलात हा सुटेपणा हरवला. प्रत्येक कंपनीच्या पॅकचा आकार, कनेक्टर आणि बीएमएस वेगळा झाला. मॉड्यूलर पॅकचा आग्रह म्हणजे लेड-ॲसिडच्या काळातली सोय लिथियमच्या वजनात परत मिळवण्याचा प्रयत्न आहे.

मग दोन डबे थेट जोडले तर काय बिघडते?

सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. समजा, एक डबा पूर्ण चार्ज आहे, म्हणजे ४२ व्होल्टवर. दुसरा वापरून रिकामा झालेला आहे, ३२ व्होल्टवर. दोन्ही थेट पॅरललमध्ये जोडले, तर भरलेला डबा रिकाम्या डब्यात वीज ओतू लागतो. मधला फरक १० व्होल्ट. दोन्ही डब्यांचा मिळून अंतर्गत रोध ०.२ ओहम धरला, तर सुरुवातीला ५० अँपिअरचा प्रवाह वाहू शकतो.

रिकाम्या डब्यात प्रत्येक गटात चार सेल आहेत, म्हणजे एका सेलच्या वाट्याला १२.५ अँपिअर. असे बरेच सेल २.५ अँपिअर किंवा त्याहून कमी प्रवाहाने चार्ज करणे अपेक्षित असते. पाचपट प्रवाहाने वायर, कनेक्टर आणि सेल तिन्ही तापतात. फ्यूज नसेल किंवा बीएमएस स्वस्तातला असेल, तर प्रकरण आगीपर्यंत जाऊ शकते.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला, दोन्ही डबे आधी सारख्या व्होल्टेजवर आणूनच जोडणे. यात खर्च नाही, पण सगळी भिस्त वापरणाऱ्याच्या शिस्तीवर. दुसरा, प्रत्येक डब्यात असा इलेक्ट्रॉनिक स्विच ठेवणे की वीज मोटारीकडे जाईल, शेजारच्या डब्यात शिरणार नाही. यात जास्त व्होल्टेजचा डबा आधी काम करतो आणि दोन्ही समान पातळीवर आले की एकत्र चालू लागतात. तिसरा, प्रत्येक डब्याला स्वतःचा डीसी-डीसी कन्व्हर्टर देणे. हा सर्वांत सुरक्षित आणि लवचीक मार्ग, पण किंमत आणि थोडी वीज दोन्ही खातो.

थोडक्यात, मॉड्यूलर पॅकची गुणवत्ता सेलच्या संख्येवर नाही, तर डबे एकमेकांना भेटतात त्या जागेवर ठरते.

नवा डबा जुन्यासोबत चालतो का?

पॅरललमध्ये बऱ्यापैकी चालतो. एक डबा नवा, १० अँपिअर-तासांचा आणि दुसरा तीन वर्षे वापरून ७ वर आलेला असेल, तर दोन्ही मिळून १७ अँपिअर-तास मिळतात. जुना आपल्या कुवतीनुसार काम करतो, नवा आपल्या. ग्राहकाला टप्प्याटप्प्याने पैसे घालता येतात : आज एक डबा, वर्षभराने दुसरा.

सिरीजमध्ये हेच गणित उलटते. तिथे ७ चा डबा १० च्या डब्यालाही ७ वर आणून ठेवतो. चार लेड-ॲसिड बॅटऱ्यांपैकी एकच बदलणाऱ्यांनी हा अनुभव घेतलेला आहे. म्हणूनच दुरुस्ती आणि वाढीव क्षमतेसाठी पूर्ण व्होल्टेजचे डबे पॅरललमध्ये जोडणारी रचना अधिक शहाणपणाची ठरते.

एक पथ्य मात्र कायम : रसायन सारखेच हवे. एनएमसी सेलचा १० सिरीजचा डबा ४२ व्होल्टवर पूर्ण भरतो. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी सेल मात्र प्रत्येकी ३.६५ व्होल्टवर भरतो. त्याचा १२ सिरीजचा डबा ४३.८ वर जातो. दोन्हींवर ‘३६ व्होल्ट’च्या आसपासचे लेबल असले, तरी त्यांची जोडी जमत नाही.

सिरीज-पॅरलल बदलण्याचे काय?

समजा, २४ व्होल्टचे दोन डबे आहेत. सिरीजमध्ये ४८ व्होल्ट, पॅरललमध्ये २४. म्हणजे एकाच जोडीवर दोन वेगळी वाहने किंवा एखादा फवारणी पंपही चालवता येईल, अशी यामागची कल्पना. पण दोन सिरीजमधील डबे पूर्ण भरलेले असताना एकूण व्होल्टेज ५८.८ असते. त्यातल्या एका डब्याच्या बीएमएसने वीज तोडली, की जवळपास हे सगळे व्होल्टेज त्याच्या स्विचवर येते. तो स्विच ३० व्होल्टचा असेल तर तिथेच जळतो आणि डब्याचे संरक्षणच संपते. त्यामुळे ‘सिरीजमध्ये जोडता येईल’ असे उत्पादकाने स्पष्ट लिहिले नसेल, तर तसा प्रयोग टाळावा.

दुसरे, मोटारीचा कंट्रोलर ठरावीक व्होल्टेजसाठी बनलेला असतो. ३६ च्या कंट्रोलरला ४८ जोडून वेग वाढवण्याचे उद्योग अनेकदा कंट्रोलर जाळूनच थांबतात.

पाऊस, ऊन आणि खड्डे यांचे काय?

सुटे डबे म्हणजे जास्त सांधे, आणि प्रत्येक सांधा हा बिघाडाचा संभाव्य बिंदू. चांगल्या कनेक्टरचा रोध अगदी कमी असतो. पण खड्ड्यांतून हादरे बसून किंवा दमट हवेने गंज चढून तो ०.१ ओहमवर गेला, तर १० अँपिअरच्या प्रवाहाला त्या एका बिंदूवर १० वॉट उष्णता तयार होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नच्या जवळ जाणारी ही उष्णता प्लास्टिकचे कव्हर वितळवायला पुरते. म्हणून कनेक्टर लॉक होणारा, पावसापासून बंद आणि दिसायला सोप्या जागी असावा.

उन्हाळ्यात वेगळा प्रश्न. बहुतेक लिथियम सेल ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नयेत, असे उत्पादक सांगतात. सांगलीच्या मे महिन्यात उन्हात उभ्या दुचाकीचा डबा ही मर्यादा सहज गाठू शकतो. इथे सुटा डबा कामी येतो : काढून घरात सावलीत न्यायचा, तासभर थंड होऊ द्यायचा, मग चार्जिंगला लावायचा. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनाही हीच सोय लागते.

कृष्णाकाठाला २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांची आठवण आहे. पुराच्या पाण्यात बुडालेला कोणताही लिथियम डबा वरून कोरडा दिसला, तरी तपासणीशिवाय चार्ज करू नये. आत शिरलेले पाणी काही दिवसांनीही शॉर्टसर्किट घडवू शकते.

स्वॅपिंग आणि हे एकच का?

नाही. स्वॅपिंगमध्ये रिकामी बॅटरी केंद्रावर देऊन भरलेली घेतात. बॅटरी सहसा कंपनीच्या मालकीची असते. तैवानमध्ये ‘गोगोरो’ने २०१५ पासून ही पद्धत रुजवली. भारतात होंडाच्या ‘ॲक्टिव्हा ई’मध्ये प्रत्येकी १.५ किलोवॉट-तासांच्या दोन बदलता येणाऱ्या बॅटऱ्या आहेत. हिरोच्या ‘विडा व्ही१’मध्येही काढता येणाऱ्या दोन बॅटऱ्या देण्यात आल्या, त्या मालक घरी नेऊन चार्ज करू शकतो. या सगळ्यांत डबा बाहेर निघतो, पण त्याच्या आतला सेल गल्लीत दुरुस्त होत नाही.

ती पुढची पायरी फ्रान्समधल्या बोर्दो येथील ‘गुआश’ या नवउद्योगाने घेतली आहे. त्यांच्या ई-सायकल पॅकमध्ये वेल्डिंग नाही. सेल दाबून बसवलेले असतात आणि खराब सेल काढून नवा घालता येतो. युरोपीय महासंघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून ई-सायकलसारख्या हलक्या वाहनांच्या बॅटऱ्या आणि त्यांतील सेलसुद्धा स्वतंत्र तंत्रज्ञाला काढता-बदलता येतील असे असणे बंधनकारक होणार आहे. म्हणजे दुरुस्ती हा तिथे ग्राहकाच्या हक्काचा भाग होतो आहे.

आपल्याकडचे नियम काय सांगतात?

२०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात उभ्या ई-स्कूटरने पेट घेतल्याची चित्रफीत देशभर फिरली. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर केंद्राने ‘एआयएस-१५६’ हे बॅटरी सुरक्षेचे मानक कडक केले. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून, तर दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. पाण्यापासून संरक्षण, सेल कुठून आला याची नोंद, एका सेलची उष्णता शेजाऱ्यापर्यंत पसरते का याची चाचणी, अशा अटी त्यात आहेत.

नोंदणीकृत ई-स्कूटरमध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. घरी बनवलेला पॅक बसवला आणि अपघात झाला, तर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. मोटार २५० वॉटच्या आत आणि वेगमर्यादा २५ किलोमीटर असलेल्या, मान्यताप्राप्त ई-सायकलींना नोंदणी लागत नाही. पण कायदा शिथिल असला, तरी सेलचे भौतिकशास्त्र तेच राहते. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून केलेला पॅक हा तिथेही धोकाच.

जुना पॅक भंगारवाल्याकडे देण्यावरही आता बंधने आहेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे.

खरेदी करताना काय विचारावे?

• एक डबा काढला तरी वाहन चालते का? दुसरा नंतर विकत घेता येईल का?

• दोन डबे वेगवेगळ्या चार्जवर असताना जोडले तर काय होते? ‘काही होत नाही’ एवढ्यावर समाधान मानू नये. कोणते संरक्षण आहे, ते विचारावे.

• प्रत्येक डब्याला स्वतंत्र बीएमएस आणि फ्यूज आहे का?

• वॉरंटी पूर्ण पॅकवर आहे की प्रत्येक डब्यावर? सुट्या डब्याची किंमत आजच लेखी मिळेल का?

• जवळचे सेवा केंद्र साताऱ्यात, कराडला, सांगलीत आहे की थेट पुण्यात?

शेवटचा प्रश्न या भागासाठी सर्वांत महत्त्वाचा. सांगलीत वालचंद, कराडमध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मिरज-कुपवाड आणि साताऱ्याच्या एमआयडीसीत पत्राकाम, मशिनिंग आणि वायरिंग जाणणारे हात आहेत. सेलचा कारखाना इथे नसला, तरी डबा तपासणे, कमकुवत गट शोधणे, डब्यांचे व्होल्टेज जुळवून देणे ही कामे तालुक्याच्या पातळीवर होऊ शकतात. त्यासाठी दोन गोष्टी लागतील : उत्पादकांनी डब्याचा आकार, कनेक्टर आणि बीएमएसची माहिती खुली करणे, आणि दुरुस्ती करणाऱ्यांना लिथियमचे रीतसर प्रशिक्षण मिळणे. तोपर्यंत डबा सुटा मिळाला, तरी तो उघडायला पुण्याची वाट धरावी लागेल.